‘इट एंड्स विथ अस’ : एक कादंबरी आणि वाचकांचे तट

अमेरिकन लेखिका कॉलीन हूवर यांची ‘इट एंड्स विथ अस’ ही कादंबरी ऑगस्ट २०१६ मध्ये ‘एट्रिया बुक्स’ने प्रसिद्ध केली. प्रकार म्हणाल तर प्रणयकादंबरी, आणि तीही मोकळी. शयनगृहाच्या दाराशी येऊन लेखिका थांबत नाही, वाचकाला आत नेते. त्याच वर्षी ‘गुडरीड्स’च्या वाचक-मतदानात प्रणयकादंबऱ्यांच्या गटात तिला पहिला कौल मिळाला. मात्र तिचा खरा बोलबाला झाला तो चार-पाच वर्षांनी, जेव्हा तरुण वाचक मुली पुस्तक हातात धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रडू लागल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुढचा भाग आला, ऑगस्ट २०२४ मध्ये चित्रपट आला. या कादंबरीला डोक्यावर घेणारे वाचक जितके, तितक्याच तावातावाने तिला झोडपणारेही. मुंबईच्या फुटपाथवर तिच्या स्वस्त प्रती मिळतात, आणि आपल्या घरांतल्या मुलीही त्या वाचतात.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.च्या वर्गात मुलांनी काय वाचावे याची चर्चा भरपूर झाली. ती प्रत्यक्षात काय वाचतात याची फारशी झाली नाही. शाळा सोडून कॉलेजात गेलेल्या मुली भेटायला येतात, त्यांच्या पर्समध्ये हे पुस्तक दिसते. आमच्या काही सहकारी भगिनींनी ते वाचले आहे, काहींनी न वाचताच त्याविषयी मत बनवले आहे. या सगळ्यांची मते ऐकताना असे जाणवले की भांडण एका पुस्तकाविषयी असले, तरी प्रत्येक जण वेगळ्या पानावर बोट ठेवून भांडतो आहे. कोण कोणत्या पानावर बोट ठेवतो आणि का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. लिली ब्लूम ही मेन राज्यातल्या एका लहान गावची मुलगी. वडील गावाचे महापौर, बाहेर मानमरातब, घरात आईला मारहाण. ते वारतात. अंत्यविधीच्या सभेत त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोलायला लिली उभी राहते आणि गप्पच राहते. त्याच रात्री बोस्टनमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर तिची गाठ रायल किंकेड या तरुण न्यूरोसर्जनशी पडते. पुढे ती फुलांचे दुकान काढते, रायलची बहीण अलिसा तिच्याकडे कामाला येते, रायल पुन्हा भेटतो, प्रेम जमते, लग्न होते. दरम्यान लिलीच्या जुन्या डायरीतून ॲटलस नावाचा मुलगा आपल्याला भेटत राहतो. तो तिच्या शाळकरी वयातला बेघर मित्र, आता बोस्टनमध्ये स्वतःचे हॉटेल चालवणारा. रायल लिलीवर तीनदा हात टाकतो. तिसऱ्या वेळेनंतर इस्पितळात तिला कळते की ती आई होणार आहे. मुलगी जन्मते त्या दिवशी ती रायलला सांगते की आपण वेगळे होत आहोत. आजीपासून आईकडे, आईपासून लेकीकडे चालत आलेली ही रीत आपल्यापाशी थांबली पाहिजे, असा कादंबरीच्या नावाचा अर्थ.

आता वाचकांकडे वळू.

पहिला तट कादंबरी आवडलेल्यांचा. त्यातल्या पुष्कळ स्त्रियांचे म्हणणे एकाच वाक्यात मावते : आईने बाबांना का सोडले नाही, हे आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा समजले. या म्हणण्याला लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्याचा आधार आहे. कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या मनोगतात हूवर सांगतात की वडिलांनी आईच्या अंगावर टीव्ही फेकला, ही त्यांची सर्वांत जुनी आठवण. तेव्हा त्या अडीच वर्षांच्या होत्या. आईने तो संसार सोडला. कथा त्या आईची आहे, आणि लेखिका बनण्याआधी हूवर स्वतः समाजसेवेच्या क्षेत्रात नोकरी करत होत्या. मनोगत वाचून पुस्तक मिटणारा वाचक भारावून जातो, यात नवल नाही.

दुसरा तट रागावलेल्यांचा. हेही बहुतेक वाचकच आहेत, वाचनाला विरोध करणारे नव्हेत. त्यांची तक्रार अशी : मारहाणीची कथा प्रणयकथा म्हणून विकली गेली. रायलचे रूप, त्याची बुद्धी, त्याची श्रीमंती, त्याचा शृंगार यांची वर्णने इतकी चविष्ट आहेत की वाचक मुलगी त्याच्यावर भाळते, आणि मार सुरू झाल्यावरही भाळलेलीच राहते. वर त्याच्या रागाला लहानपणच्या अपघाताचे कारण जोडून दिले आहे. सहा वर्षांच्या रायलच्या हातून बंदूक सुटून त्याचा भाऊ गेला, म्हणून तो असा. हा तट विचारतो, मग काय करायचे, त्याची कीव करायची? जानेवारी २०२३ मध्ये या कादंबरीवर आधारित रंग भरण्याचे पुस्तक निघणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा या वाचकांनी इतका गदारोळ केला की लेखिकेला माफी मागून ते पुस्तक मागे घ्यावे लागले. २०२४ मध्ये चित्रपटाच्या जाहिरातीत फुलाफुलांचे कपडे घालून मैत्रिणींसोबत या, असा सूर लागला, तेव्हाही हाच राग उसळला. राग योग्य होता. बायकोने खाल्लेल्या माराच्या कथेत रंग भरायला बसवणे ही बाजाराची बेशरमी होती.

तिसरा तट आपल्या ओळखीचा आहे. त्याला रायलच्या हाताशी कर्तव्य नाही. त्याची हरकत शयनगृहाच्या दाराला आहे. पुस्तक ‘फुहश’ आहे, मुलींच्या हाती पडू नये, एवढेच त्याचे म्हणणे. हा तट पुस्तक चाळतो, नको ती पाने शोधून काढतो, आणि तेवढ्यावर फैसला देतो.

गंमत पाहा. दुसरा तट म्हणतो, शृंगार इतका गोड की मार झाकला जातो. तिसरा तट म्हणतो, शृंगारच तेवढा आहे. म्हणजे दोघांनाही शृंगाराच्या पानांचीच अडचण आहे, कारणे मात्र उलट. या पानांनी कादंबरीत नेमके काय काम केले आहे, ते पाहिल्याशिवाय यांपैकी कोणाचेही म्हणणे खरे की खोटे ठरवता येणार नाही.

साहित्यातला शृंगार आणि वाचकांची भांडणे ही उर्दूलाही नवी नाहीत आणि मराठीलाही नाहीत. इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ मध्ये ‘अदब-ए-लतीफ’मध्ये आली आणि अश्लीलतेचा खटला अंगावर घेऊन इस्मत आपांना मुंबईहून लाहोरला जावे लागले. तिथे मंटोही आपल्या ‘बू’ या कथेसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. आपा निर्दोष सुटल्या. कथेत बोट ठेवावे असा शब्दच सापडेना. मराठीत चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कादंबरी ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. कनिष्ठ न्यायालयाने लेखक-प्रकाशकांना सोडले, उच्च न्यायालयाने प्रत्येकी २५ रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या निकालाचा मथितार्थ असा की लैंगिक गोष्टीचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता होत नाही. आक्षेपार्ह भाग आणि सबंध लेखन दोन्ही तपासून वाचकाच्या मनावर होणारा परिणाम ठरवायचा असतो.

वकिलांनी शिकवलेली ही वाचनपद्धत समीक्षकांनाही उपयोगाची आहे. ‘इट एंड्स विथ अस’ला ती लावून पाहू.

रायल कादंबरीत प्रथम कसा येतो? गच्चीवर येतो आणि रागाच्या भरात तिथल्या खुर्चीला लाथा घालतो. खुर्ची मजबूत प्लास्टिकची असल्याने मोडत नाही. अंधारात बसलेली लिली हे पाहते आणि दोन वाक्यांत दोघांची थट्टामस्करी सुरू होते. वाचकही खुर्ची विसरतो, कारण पुढची पाने चटकदार आहेत. पुढे हाच रायल लिलीचे घर सापडावे म्हणून इमारतीतल्या दारामागून दार ठोठावत येतो. तिने एकदा नकार दिलेला आहे, तरी येतो. वाचकाला ही दीवानगी वाटते. असे पुरुष हिंदी सिनेमांत आपण टाळ्या वाजवून पाहिले आहेत. मग शृंगाराची पाने येतात, आणि त्यांत लेखिका रायलला अतिशय हळुवार, बायकोच्या मनाची कदर करणारा दाखवते. तिला तसे दाखवावेच लागते. तो पहिल्या पानापासून राक्षस असता, तर लिली त्याच्याजवळ का राहते, हा प्रश्न वाचक बाहेर उभा राहून विचारत बसला असता.

मग भट्टीचा प्रसंग येतो. दोघे थोडी दारू प्यायलेले, हसत-खिदळत. रायल भट्टीतले गरम भांडे उघड्या हाताने काढतो, हात भाजतो, भांडे खाली पडते. लिलीला हसू आवरत नाही. त्याचा हात येतो आणि ती कपाटावर आदळते. क्षणात तो गुडघ्यांवर, डोळ्यांत पाणी, माफी. लिली स्वतःला समजावते की हा तिच्या बापासारखा नाही. बाप दारू पिऊन, ठरवून मारायचा, हा तर भाजलेल्या हाताच्या कळेत ढकलून गेला. वाचकही हेच समजावतो. आणि लक्षात घ्या, लग्न या प्रसंगानंतर होते.

दुसरा प्रसंग जिन्याचा. लिलीच्या मोबाइलच्या कव्हरात ॲटलसचा नंबर सापडतो. भांडण होते, रायल ढकलतो, ती जिन्यावरून कोसळते. शुद्धीवर आल्यावर तो जखमेवर उपचार करत तिला सांगतो की तू पडलीस. जखम करणारा आणि जखमेवर उपचार करणारा हात एकच. भावाच्या मृत्यूची गोष्ट रायल याच प्रसंगानंतर सांगतो, आणि वाचकाच्या मनातला राग पुन्हा विरघळतो. तिसऱ्या वेळी तो तिची डायरी वाचतो, वर्तमानपत्रात ॲटलसच्या हॉटेलचे नाव पाहतो. गळ्याच्या हाडाजवळ लिलीने गोंदवून घेतलेले हृदयाचे चित्र ॲटलसच्या आठवणीचे आहे, हे त्याला उमगते. तिथे तो चावतो आणि जबरदस्ती करू पाहतो. आधीच्या शृंगाराच्या पानांत ज्या जागेवर प्रेमाने ओठ टेकले होते, ती हीच जागा.

आमच्या मते इथे शृंगाराच्या पानांचा हिशेब पूर्ण होतो. तीच शय्या, तेच दोन देह, तोच पुरुष. बदलली आहे फक्त तिची मर्जी. ती पाने गाळून ही कादंबरी वाचली, तर तिसरा प्रसंग केवळ मारहाणीचा प्रसंग राहील. ती पाने वाचून इथवर आलेल्या वाचकाला मात्र दोन गोष्टींमधला फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. तेव्हा शृंगार हा या कादंबरीवर घातलेला मसाला आहे, हे म्हणणे टिकत नाही.

आमच्या ओळखीच्या वाचकांना आम्ही एक साधा प्रश्न विचारत आलो : रायलविषयी तुम्हाला पहिली शंका कधी आली? कोणी म्हणाली, खुर्चीला लाथ मारली तेव्हाच. कोणी म्हणाली, भट्टीपाशी. कोणी म्हणाली, जिन्यावर. एक-दोघी प्रामाणिकपणे म्हणाल्या की तिसऱ्या वेळेपर्यंत त्या रायलच्याच बाजूने होत्या, आणि ॲटलसचा नंबर लपवून ठेवणाऱ्या लिलीवर त्यांचा राग होता. या उत्तरांचा शिक्षणाशी संबंध दिसला नाही, वयाशीही नाही. लहानपणी घरात ज्यांनी आवाज चढलेला पाहिला होता, त्यांना खुर्ची आठवत होती. वाचकांची मते भिन्न का, याचे उत्तर आम्हाला इथे सापडते. ‘माफ करावे’ आणि ‘आता पुरे’ यांच्यातली रेघ प्रत्येकीने वेगळ्या पानावर ओढली आहे. लिलीची आईही तिला हेच सांगते : प्रत्येक माफीबरोबर सहन करण्याची हद्द थोडी पुढे सरकते, आणि एक दिवस हद्द होती हेच विसरायला होते.

हाच मुद्दा आपल्या घरांना येऊन भिडतो. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा १९३९ सालचा. त्यात क्रूरता हे बायकोला फस्ख मागण्याचे कारण मानले आहे, आणि क्रूरतेच्या व्याख्येत पहिलेच कलम नवरा ‘सवयीने’ मारत असेल तर, असे आहे. त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की अंगाला हात न लावताही वागणुकीने जिणे हराम केले, तर तीही क्रूरता. कायद्याने एवढे म्हटले. घरातले मात्र ‘सवय’ या शब्दाशीच अडून बसतात. एकदा मारले म्हणजे सवय का? दोनदा? ‘सब्र कर, निभाव’ हे दोन शब्द आपल्या मुलींना सासरी जाताना आंदण मिळतात. सब्र ही मोठी चीज आहे, पण तिचा सल्ला मार खाणाऱ्याला दिला जातो, मारणाऱ्याला क्वचितच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने सवयीची अट ठेवलेली नाही. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक असा सर्वच छळ मोजला आहे. मात्र रायल तिसऱ्या वेळी जे करू पाहतो, ते पूर्ण झाले असते तरी आपल्या फौजदारी कायद्याने त्याला बलात्कार म्हटले नसते, कारण बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याला दिलेली सूट २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशीच राहिली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हे पान वाचून आम्हाला विचारले की ‘हा गुन्हा आहे ना?’, तर उत्तर देताना अडखळायला होते.

आता तिसऱ्या तटाला एक विचारावेसे वाटते. आपल्या घरांत उर्दू डायजेस्टे वर्षानुवर्षे उघडपणे येतात. आम्हीही ती वाचून मोठे झालो आणि आमची उर्दू त्यांनी सुधारली, हे कबूल. त्यांतल्या कादंबऱ्यांत शयनगृहाचे दार काटेकोरपणे बंद असते. दुपट्टा खांद्यावरून ढळत नाही. पण त्यांतल्या काही कथांमध्ये नायक रागाने नायिकेच्या कानाखाली लगावतो, तिचे मनगट पिरगाळतो, शक घेऊन तिला घराबाहेर काढतो, आणि शंभर पानांनंतर तीच त्याची माफी मागते. याला कोणी फुहश म्हटलेले ऐकिवात नाही. नायकाचा राग हा त्याच्या मुहब्बतीचा पुरावा, हे आमच्या पिढीतल्या किती मुलींनी या ‘पाक’ पानांवरून शिकून घेतले असेल! हूवर यांच्या ‘गंद्या’ पुस्तकात थप्पड ही थप्पडच आहे. नवऱ्याच्या लहानपणाचे दुःख खरे, त्याचे प्रेम खरे, त्याची माफी खरी, आणि तरीही राहायचे नाही, असे ती कादंबरी सांगते. मुलींच्या हाती कोणते पान पडू नये याची फिकीर करणाऱ्यांनी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत.

याचा अर्थ ही कादंबरी थोर आहे असा नाही. तिच्यात ढोबळ दोष आहेत, आणि दुसऱ्या तटाने त्यांतले बरेच अचूक पकडले आहेत. फुलांचे दुकान काढणाऱ्या मुलीचे नाव लिली ब्लॉसम ब्लूम असावे, ही बालिश गंमत आहे. टीव्हीवरच्या एलन डीजेनेरसला उद्देशून लिहिलेल्या डायरीची पाने लांबतात. लिलीची सुटका फार सोयीची आहे. तिच्याकडे चालते दुकान आहे, स्वतःचे पैसे आहेत, पाठीशी उभी राहणारी आई आहे, आणि नवऱ्याची सख्खी बहीणही तिला म्हणते की परत जाऊ नकोस. अशी नणंद किती जणींना लाभते? ज्या बाईपाशी यांतले काहीच नाही, जिला मुलांसह माहेरच्या एका खोलीत भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहत दिवस काढायचे आहेत, तिचा जिना या कादंबरीत नाही.

त्याहून मोठा दोष ॲटलसचा. लिली रायलला सोडते ती स्वतःसाठी आणि लेकीसाठी, असे कादंबरी सांगते. पण ती सोडण्याआधीच पलीकडे एक निर्मळ, श्रीमंत, तिच्यावरच जीव असलेला पुरुष उभा करून ठेवला आहे. मार खाल्लेली लिली रात्री त्यालाच मदतीला बोलावते, आणि उपसंहारात तोच तिला रस्त्यावर भेटतो. प्रणयकादंबरीला शेवटी जोडी जुळवावी लागते, ही त्या प्रकाराची मजबुरी. त्यापायी तिच्या निर्णयाचे वजन घटते. ॲटलस नसता आणि तरी ती निघाली असती, तर ही कादंबरी आणखी उंच गेली असती. रायलच्या संशयालाही ॲटलसमुळे निमित्त मिळते, आणि ‘तिनेच नंबर लपवला ना’ असे म्हणणाऱ्या वाचकाच्या हाती आयते कोलीत पडते.

आणखी एक. शेवटी लिली लहानग्या मुलीला वडिलांकडे सोडायला निघालेली दिसते. ज्याच्या रागाला आवर नाही, त्याच्या हाती तान्हे मूल कसे द्यायचे, हा प्रश्न अनेक वाचकांनी विचारला आणि कादंबरीत त्याला उत्तर नाही. पोलीस नाहीत, न्यायालय जवळपास नाही, रायलच्या नावलौकिकाला धक्का नाही. बापाशी नाते पूर्ण तुटू नये, ही लेखिकेची भावना समजण्यासारखी आहे. कदाचित तिच्या स्वतःच्या आयुष्यातून ती आली असेल. पण भावना समजली म्हणून प्रश्न मिटत नाही.

हे सर्व दोष मोजूनही आम्ही या कादंबरीच्या बाजूने उभे राहू, आणि त्याचे कारण एकच. नवऱ्यावर प्रेम असताना त्याला सोडणाऱ्या बाईची गोष्ट लोकप्रिय साहित्यात दुर्मीळ आहे. आपल्याकडच्या कथांत बाई घर सोडते तेव्हा नवरा एक तर दारुडा, जुगारी, बाहेरख्याली असतो, नाही तर सासू कैकयी असते. वाचकाला निर्णय घ्यावा लागत नाही; तो लेखकानेच घेऊन दिलेला असतो. रायलच्या बाबतीत वाचकाला स्वतः निर्णय घ्यावा लागतो, कारण रायल त्यालाही आवडलेला असतो. दुसऱ्या तटातल्या वाचकांना रायलवर भाळलेल्या मुलींचा राग येतो. आम्हाला वाटते, भाळल्याशिवाय ही कादंबरी वाचताच येणार नाही. भाळून पुढे काय झाले, याच्यावर सगळे अवलंबून आहे. जी मुलगी रायलवर भाळली आणि शेवटी लिलीबरोबर बाहेर पडली, तिला पुस्तकाने काही दिले. जी भाळली आणि शेवटीही ‘तिने एक संधी द्यायला हवी होती’ असे म्हणते, तिच्याशी कोणी तरी बसून बोलण्याची गरज आहे.

आणि हे बोलणेच आपल्याकडे होत नाही. मुलगी पुस्तक उशीखाली ठेवते, कारण उशीवर ठेवले तर आधी शयनगृहाच्या पानांचा जाब द्यावा लागेल. तो जाब टाळण्यासाठी ती जिन्याच्या पानांविषयीही गप्प राहते. आपण दार बंद केले ते एका पानासाठी, पण त्याबरोबर दुसरे पानही आत कोंडले गेले. उद्या तिच्याच घरात भट्टीचा प्रसंग घडला, तर ‘हसले म्हणून त्याचा हात उठला’ हे ती कोणाला सांगणार? पुस्तकाविषयी जिला विचारता आले नाही, ती आयुष्याविषयी विचारील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आम्ही हे पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवणार नाही, हे स्पष्ट सांगतो. ते मोठ्यांसाठी लिहिलेले आहे. आठवी-नववीच्या मुलीला त्यातला शृंगार पेलणार नाही आणि मारही. मात्र अठरा ओलांडलेल्या, ज्यांच्या घरी मागण्या येऊ लागल्या आहेत अशा मुलींच्या हातून ते ओढून घेण्याचा हक्क कोणाला आहे असे आम्हाला वाटत नाही. वडीलधाऱ्या बायांनी, आपांनी, खालाजानींनी एकदा ते स्वतः वाचावे. आवडले नाही तर तसे म्हणावे. नावडण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. पण वाचल्यावर मुलीला ‘हे घाणेरडे पुस्तक तुला कुठे मिळाले?’ असे विचारण्याआधी ‘रायलची शंका तुला कुठल्या पानावर आली?’ एवढे विचारून पाहावे. उत्तर उशिराच्या पानावरचे आले, तर तिचे लग्न ठरवण्याआधी घरात बरेच बोलायचे बाकी आहे असे समजावे.